चौकातला सायकलस्वार

रस्त्यांचा इतिहास सांगणारे बहुधा मैलांचा हिशेब सांगतात. कोणत्या साली किती मैल सडक झाली, किती पूल बांधले गेले, याची कोष्टके सरकारी अहवालांतून विपुल सापडतात. चौकांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक सायकलीने जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सरळ रस्त्यापेक्षा चौकाचेच महत्त्व अधिक. सरळ रस्त्यावर त्याला वेगळी वाट आखून देणे फारसे अवघड नाही. एक कठडा घातला की काम भागते. परंतु चार रस्ते जेथे मिळतात तेथे कठडा तोडावाच लागतो. आपल्याकडे डावीकडे वळणारी मोटार आणि तिच्या डाव्या अंगाने सरळ जाणारा सायकलस्वार यांची गाठ नेमकी तेथे पडते. वळणारे वाहन ट्रक किंवा बस असेल, तर डाव्या कुशीला आलेला माणूस चालकास पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून सायकल-मार्ग सुरक्षित आहे की नाही, याचा निवाडा चौकातच होतो. ही गोष्ट जगाला कशी उमगत गेली आणि आपल्याकडे ती का रुजली नाही, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

१४ डिसेंबर १९३४ रोजी ब्रिटनचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनी लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्यालगत सायकलींसाठी बांधलेल्या अडीच मैलांच्या वाटेचे उद्घाटन केले. सायकलस्वार संतुष्ट होतील अशी अपेक्षा होती. पण त्यांच्या संघटनांनी विरोधच केला. आपल्याला हमरस्त्यावरून हुसकून लावण्याची ही नांदी आहे, ही एक भीती; आणि दर उपरस्त्यापाशी वाट तुटते व धोका जेथे खरा तेथेच आपण उघडे पडतो, हे दुसरे कारण. पहिल्या भीतीविषयी मतभेद होऊ शकेल. दुसऱ्या तक्रारीत मात्र पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज होते.

योगायोग असा की, त्याच डिसेंबर महिन्यात आपल्या देशात ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही रस्तेबांधणीचे नियम ठरविणारी संस्था स्थापन झाली. तिचे मूळ आपणा मराठी माणसांस अभिमानाचे आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून ती उभी राहिली. या संस्थेने १९६२ साली सायकल-मार्गांच्या आखणीसाठी स्वतंत्र संहिता प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक अकरा. गर्दीच्या वेळी तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारी असतील, तर वेगळा मार्ग द्यावा. मोटारी २०० हून अधिक झाल्या, तर तासाला १०० सायकली असल्या तरी तो समर्थनीय ठरावा, असा तिचा दंडक. आज कोणत्याही मोठ्या शहरातील हमरस्ता मोटारींची ही संख्या सहज ओलांडतो. म्हणजे नियमाची उणीव आपल्याला साठ वर्षांपूर्वीही नव्हती.

इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर एक धाडसी प्रयोग झाला. १९४६ साली लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज हे नवे नगर वसविण्याचे ठरले. तेथील अभियंते एरिक क्लॅक्स्टन हे स्वतः सायकलीने कामावर जाणारे गृहस्थ. त्यांनी चौकाचा प्रश्न मुळापासूनच सोडविला. वर्तुळाकार चौकांतून मोटारी वरून जातील आणि सायकली व पादचारी खालच्या भुयारी वाटेने जातील, अशी त्यांनी रचना केली. वाटा सुरक्षित झाल्या. परंतु मोटारींचे रस्तेही तितकेच मोकळे व सोयीचे केलेले असल्यामुळे लोक मोटारीच घेऊन निघू लागले आणि पुढील दशकांत सायकली घटत गेल्या. सुरक्षितता अवश्य हवी, पण तेवढ्याने भागत नाही, हा त्या नगराचा धडा.

पुढचा धडा हॉलंडने घालून दिला आणि तो फार महागात पडला. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. १९७२ साली त्याने आपल्या दैनिकात लेख लिहिला. ‘मुलांची हत्या थांबवा’ असा त्याच्या मथळ्याचा अर्थ. त्याच नावाची चळवळ उभी राहिली आणि आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. नोव्हेंबर १९७३ पासून तेलटंचाईमुळे काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हेही लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर सरकारने टिलबुर्ग व हेग या शहरांत नमुन्याचे सायकल-मार्ग बांधले आणि डेल्फ्ट येथे साऱ्या शहराला व्यापणारे जाळे विणले.

या खटाटोपातून चौकाची जी रचना सिद्ध झाली ती समजण्यास सोपी आहे. चौक जवळ येताच सायकलीची वाट मोटारींच्या रस्त्यापासून पाच-सहा मीटर दूर घेतात. त्यामुळे वळणारी मोटार सायकलीसमोर जवळजवळ काटकोनात येते. चालकास सायकलस्वार खिडकीतून समोर दिसतो आणि मागची वाहतूक न अडविता थांबण्यापुरती जागाही मिळते. कोपऱ्यावर एक छोटा उंचवटा बांधतात. त्याला वळसा घालताना मोटारीस वेग आपोआप कमी करावा लागतो आणि त्याच्या आडोशाला सायकलस्वार निर्धास्त उभा राहतो. त्याची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे असते आणि सिग्नल पुष्कळदा निराळा असतो. सारांश, जागा, वेळ आणि वेग या तिन्ही बाबतींत दुबळ्याची तरतूद आधी केली जाते. २०२३ साली त्या देशात रस्त्यांवरील मृत्यू ६८४ झाले. त्यांपैकी २७० सायकलस्वार होते, हेही नमूद केले पाहिजे. काम संपले आहे असे तेथेही कोणी मानीत नाही.

आता दिल्लीकडे वळू. एप्रिल २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर मधोमध बससाठी आणि डाव्या कडेस सायकलींसाठी वेगळा मार्ग सुरू झाला. दिल्लीच्या आय.आय.टी.तील दिनेश मोहन व गीतम तिवारी या प्राध्यापकांचे संशोधन त्यामागे होते. सायकल-मार्गात मोटारसायकली घुसत, हा दोष खराच. पण गदारोळ उठला तो वेगळ्याच कारणाने: चौकात सिग्नलपाशी मोटारींना फार वेळ थांबावे लागते! प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने मोटारवाल्यांच्या बाजूची याचिका फेटाळली. तरीही २०१५ साली हा मार्ग मोडण्याचे ठरले आणि २०१६ साली तो उखडला गेला.

या वादात मोटारीतल्या माणसाची मिनिटे मोजली गेली. सायकलवरल्या माणसाची मोजल्याचे फारसे ऐकिवात नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील ४४.८ टक्के कुटुंबांपाशी सायकल होती, मोटार ४.७ टक्क्यांपाशी. शिपाई, माळी, गवंडी, पहारेकरी यांचा तो रोजचा आधार. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या आपल्या पुण्यातही आज सायकल-मार्ग आहेत. पण ते तुटक आहेत आणि स्वयंचलित दुचाकींनी सायकलीला केव्हाच मागे सारले आहे.

अकरा क्रमांकाची संहिता २०१५ साली सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली आहे. कागदावर सारे आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकजण निरनिराळ्या प्रांतांत अशा खात्यांत आहेत की, रस्त्यांचे नकाशे व खर्चाचे अंदाज त्यांच्या मेजावरून पुढे सरकतात. त्यांना आमची एवढीच विनंती आहे: नकाशा समोर आला की सायकल-मार्गाची लांबी पाहून समाधान मानू नये. बोट चौकावर ठेवावे आणि विचारावे की, येथे सायकलस्वार कोठे उभा राहणार, किती वेळ थांबणार आणि वळणाऱ्या ट्रकच्या चालकास तो दिसणार की नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशात नसतील तर तो नकाशा परत पाठविण्याचा अधिकार टिपण लिहिणाऱ्यासही असतो.