विहिरीवरची माणसं

आमच्या कोरेगाव तालुक्यात पोरांना पोहायला शिकवायचं ते विहिरीत, पांगाऱ्याचा बिंडा बांधून. पांगाऱ्याचं लाकूड हलकं. सालीवरचे काटे तासायचे, ओंडका उन्हात खडखडीत वाळवायचा आणि काखेखालून दोर घेऊन पोराच्या पाठीला आवळायचा. बिंडा नसला तर वाळका भोपळा. पुढं पत्र्याचा हवाबंद डबा आला, मग ट्रकची ट्यूब. शिकवणारा बहुधा चुलता किंवा मामा. पोर सरावलं की बिंडा लहान करत जायचा, आणि एक दिवस न सांगताच दोर सोडायचा.

धाकट्यांना पाण्यापासून लांब ठेवायला साती आसरा होत्या, पाण्यातल्या देवता. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. एकटं पोर दिसलं की आसरा ओढून नेतात, असं आजी सांगायची. पोरांना भीती घालणं मला पटत नाही. पण चार वर्षांच्या पोराला पाण्याची खोली कशी समजावणार?

माझ्या मते पोरांची खरी राखण केली ती मोटेनं. मोट चालू असली की धावेवर बैल, त्यांच्यामागे मोट हाकणारा, थारोळ्यापासून पाटाच्या टोकापर्यंत दारं धरणारा कुणीतरी. साताऱ्याजवळ लिंब गावात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली विहीर लोक बारा मोटेची म्हणून ओळखतात. तिथं किती माणसांचा राबता असेल! शिवाय अशा जुन्या विहिरींना पाण्यापर्यंत पायऱ्या. घसरलेल्या पोराच्या हाताला दगड लागायचा आणि हाक मारली तर ऐकणारं कुणीतरी वर असायचं.

मग इंजिन आलं, मागोमाग विजेची मोटर. बटण दाबून माणूस घरी. पाणी तेवढंच, विहीर मात्र दिवसभर एकटी. पोरींना तर त्याआधीही कुणी पाण्यात उतरवलं नव्हतं. माझी आत्या जन्मभर नदीवर धुणं धूत आली, पण तिला पोहता येत नव्हतं. विहिरीवर पोहायला शिकवण्याच्या चालीचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

आता शेततळी आहेत. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पण तळी त्याआधीपासूनही होतीच. तळाशी आणि उतारावर प्लास्टिकचा कागद. ओला झाला, शेवाळला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला येऊन अडकतो. बिंड्यानं शिकवलेली विद्या इथं निम्मीच कामाची.

आमच्या भावकीतल्या दोन तळ्यांना तारेचं कुंपण झालंय, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत. शिकवणी मात्र मे महिन्यात अजून विहिरीवरच. आता मुलीही येतात. त्यांच्या आयांनी काठावर बसायचं की पाण्यात उतरायचं, यावर घरात अजून वाद आहे.