संदर्भबहुलता, विडंबन आणि चाहत्यांचे लेखन : जपानी अॅनिमेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये विकसित झालेल्या ‘अॅनिमे’ या चलच्चित्रप्रकाराचे एक ठळक वैशिष्ट्य म्हणजे त्यातील संदर्भांची दाटी होय. एका मालिकेतील पात्राच्या तोंडी दुसऱ्या मालिकेतील गाजलेले वाक्य येते, एखादा प्रसंग जुन्या चित्रपटातील दृश्यचौकटीची आठवण करून देतो, तर पात्रांची नावे इतिहास, कादंबरी किंवा युद्धनौकांच्या यादीतून उचललेली असतात. या मालिकांचे चाहते मूळ पात्रे घेऊन ज्या नव्या कथा रचतात, त्यांतही हीच प्रवृत्ती दिसते. मौलिकतेचा अभाव, उसनेपणा, बाजारू चतुराई असे शिक्के या प्रवृत्तीवर सहज मारले जातात. प्रस्तुत निबंधात या प्रवृत्तीचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, उसने घेण्याची ही रीत कोणत्या परिस्थितीत वाढली, तिला कोणी मुभा दिली आणि ती कोठे अडली, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा : उसने घेण्याचे नियम

जपानी साहित्यात जुन्या रचनेचा उघड आधार घेऊन नवी रचना करण्यास प्रतिष्ठा होती. ‘वाका’ या काव्यप्रकारातील ‘होंकादोरी’ म्हणजे पूर्वसूरींच्या कवितेतील शब्द घेऊन त्यांवर नवी कविता उभी करणे. १२०५ साली सिद्ध झालेल्या ‘शिनकोकिनशू’ या राजाज्ञेने संपादित संग्रहाच्या काळात हे तंत्र परमोत्कर्षास पोहोचले. त्या संग्रहाचा एक संपादक फुजिवारा नो तेइका (११६२-१२४१) याने या उसनवारीस मर्यादा घालून दिल्या. जुन्या कवितेतून किती शब्द घ्यावेत, विषय किंवा ऋतू बदलणे कसे इष्ट आहे, आणि समकालीन कवींचे शब्द घेणे कसे अनुचित आहे, याची त्याने चर्चा केली. वाचकाला मूळ कविता ज्ञात असणे हे या काव्यव्यवहाराचे गृहीतक होते. वाचकाने मूळ ओळखावे यासाठीच उसने घेतले जाई. त्यामुळे होंकादोरीला चौर्य म्हणता येत नाही.

इदो काळात (१६०३-१८६८) हे तंत्र दरबारातून नगरात आले. काबुकी व बाहुलीनाट्याचे लेखक ‘सेकाइ’ म्हणजे प्रेक्षकांना परिचित असलेले कथाविश्व आणि ‘शुको’ म्हणजे त्या विश्वात आणलेली नवी कल्पना, अशा दोन संज्ञा वापरीत. १७०१ ते १७०३ या काळातील आको प्रकरणावर, म्हणजे आपल्या धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंच्या घटनेवर, १७४८ मध्ये ‘कानादेहोन चूशिंगुरा’ हे नाटक रचले गेले. समकालीन सामुराईंच्या घडामोडी रंगभूमीवर दाखविण्यास मनाई असल्याने कथानक चौदाव्या शतकातील विश्वात नेऊन ठेवण्यात आले. पुढे १८२५ मध्ये त्सुरुया नांबोकु चौथा याने याच कथाविश्वाच्या कडेला ‘योत्सुया काइदान’ ही भूतकथा रचली. तिचा पहिला प्रयोग ‘चूशिंगुरा’च्या प्रवेशांशी गुंफून सादर झाला. मूळ नाटकातील निष्ठावंतांच्या जगात एक कृतघ्न, पत्नीद्रोही सामुराई उभा करून नांबोकुने त्या निष्ठेचीच उलटतपासणी केली.

र्‍यूतेइ तानेहिको याची ‘निसे मुरासाकि इनाका गेंजि’ ही उतागावा कुनिसादाच्या चित्रांसह १८२९ पासून प्रकाशित होत असलेली मालिका याच परंपरेतील होय. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘गेंजि मोनोगातारि’चे हे लोकप्रिय रूपांतर वाचकांनी डोक्यावर घेतले, परंतु तेन्पो सुधारणांच्या काळात, १८४२ मध्ये, शोगुनशाहीने त्याचे प्रकाशन थांबविले. त्याच वर्षी तानेहिकोचे निधन झाले. परिचित कथा नव्या वेशात आली की ती वर्तमानाविषयी बोलू लागते, याची जाणीव सत्तेला होती, असे यावरून म्हणता येते.

कोमिकेत आणि डोजिंशीचा उदय

या पार्श्वभूमीवर आधुनिक काळाचा विचार करावा लागतो. हौशी लेखक-चित्रकारांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांना ‘डोजिंशी’ म्हणतात. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियो येथे ‘कोमिक्कु मार्केतो’ अथवा ‘कोमिकेत’ हा डोजिंशींचा पहिला बाजार भरला. योनेझावा योशिहिरो (१९५३-२००६) व त्यांचे सहकारी यांच्या ‘मेइक्यू’ या समीक्षकांच्या मंडळाने तो आयोजित केला होता. त्यात ३२ गट सहभागी झाले आणि सुमारे ७०० लोक आले. येणाऱ्यांत शाळकरी मुलींची संख्या मोठी होती व हागिओ मोतो यांच्यासारख्या लेखिकांच्या मांगा चित्रकथा हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. संदर्भबहुल चाहतेलेखन हा केवळ तरुण पुरुषांचा छंद होता, हा रूढ समज यामुळे तपासून घ्यावा लागतो.

ऐंशीच्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलविषयक मालिकेच्या आधारे स्त्रियांनी लिहिलेल्या डोजिंशींची लाट आली. मूळ मालिकेतील खेळाडूंची मैत्री व स्पर्धा या लेखिकांनी प्रेमकथेच्या अंगाने पुन्हा लिहिली. मूळ संहितेत जे अध्याहृत होते अथवा मुळीच नव्हते, ते वाचकांनी स्वतः लिहून काढले. पुढे ‘क्लॅम्प’सारखा स्त्रियांचा गट डोजिंशीतूनच व्यावसायिक मांगाकडे वळला. कोमिकेतचा विस्तार होत जाऊन २०१९ च्या उन्हाळ्यातील चार दिवसांच्या बाजारात उपस्थिती सुमारे ७,३०,००० नोंदविली गेली.

अमेरिकेत याला समांतर अशी एक परंपरा स्वतंत्रपणे निर्माण झाली होती. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकॅनालिया’ हे हौशी नियतकालिक काढले. नव्वदच्या दशकात ताकाहाशि रुमिको यांच्या ‘रान्मा’ या मालिकेवर इंग्रजीतही मोठ्या प्रमाणावर चाहतेकथा लिहिल्या गेल्या आणि दोन्ही परंपरा एकमेकींना भेटल्या.

चाहत्यांकडून निर्मात्यांकडे

१९८१ मध्ये ओसाका येथे भरलेल्या विज्ञानकथा संमेलनासाठी आन्नो हिदेआकि, यामागा हिरोयुकि व आकाई ताकामि या विद्यार्थ्यांनी एक लघु चलच्चित्र तयार केले. ‘दाइकोन ३’ या नावाने ते ओळखले जाते. ओसाका या नावातील पहिल्या अक्षराचा दुसरा उच्चार आणि संमेलनवाचक शब्द यांच्या जोडणीतून बनलेल्या या नावात ‘दाइकोन’ म्हणजे मुळा, असाही श्लेष आहे. १९८३ च्या संमेलनासाठी केलेल्या ‘दाइकोन ४’ मध्ये गॉडझिला, अल्ट्रामॅन, डार्थ व्हेडर, स्पायडरमॅन अशी जपानी व अमेरिकी पात्रांची अक्षरशः रीघ लागते. मात्र पार्श्वसंगीतासाठी घेतलेले इंग्रजी गीत व ही पात्रे यांपैकी काहीही निर्मात्यांच्या मालकीचे नव्हते. त्यामुळे या चित्रफितींचे रीतसर वितरण कायम अडचणीचे राहिले.

याच मंडळींतून १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ ही संस्था उभी राहिली. तिची ‘निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन’ (१९९५-९६) ही मालिका संदर्भबहुलतेचा महत्त्वाचा टप्पा मानावी लागते. कात्सुरागि, आकागि, आयानामि ही तिच्यातील पात्रांची आडनावे शाही जपानी नौदलाच्या युद्धनौकांचीही नावे आहेत. काही गौण पात्रांची नावे मुराकामि र्‍यू यांच्या कादंबरीतून आली आहेत आणि महाकाय योद्ध्यांच्या हालचालींत ‘अल्ट्रामॅन’ची छाया आहे. विशेष म्हणजे अखेरच्या, सव्विसाव्या भागात हीच पात्रे एका हलक्याफुलक्या शालेय विनोदिकेत वावरताना थोडा वेळ दिसतात. चाहते आपल्या पुस्तिकांतून जे करीत, ते येथे मूळ निर्मात्यानेच केले. निर्माता आणि चाहता यांतील सीमारेषा या ठिकाणी पुसट झाली.

२००३ च्या अखेरीस सुरू झालेली सोराचि हिदेआकि यांची ‘गिंतामा’ ही मांगा आणि २००६ पासूनचे तिचे अॅनिमेरूप इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटावे असे आहे. इदो काळाच्या अखेरीस अमेरिकी जहाजांऐवजी परग्रहवासी जपानमध्ये उतरतात, अशी तिची मूळ कल्पना आहे. कात्सुरा कोगोरो या ऐतिहासिक व्यक्तीचे येथे कात्सुरा कोतारो होते, हिजिकाता तोशिझोचे हिजिकाता तोशिरो. त्याच वेळी समकालीन मालिका, जाहिराती, संगणकखेळ यांची खिल्ली अखंड चालू असते. ही मालिका पुरती कळण्यासाठी वाचकाला मेइजि पुनःस्थापनेचा इतिहास व कालपरवाची दूरचित्रवाणी ही दोन्ही ठाऊक असावी लागतात. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’चा आस्वाद मूळ कविता ठाऊक असलेल्या मराठी रसिकालाच पूर्णपणे घेता येतो, हे येथे आठवावे.

सैद्धांतिक मांडणी

या व्यवहाराचा विचार जपानी समीक्षकांनी गांभीर्याने केला आहे. ओत्सुका एइजि यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ‘कथाउपभोगा’च्या सिद्धांतानुसार ग्राहक सुटी कथा विकत घेत असला, तरी तिच्यामागील संपूर्ण विश्व आपलेसे करण्याची त्याची धडपड असते, आणि ते विश्व हाती आले की तो स्वतःच्या कथा रचू लागतो. यासाठी त्यांनी काबुकीतील ‘सेकाइ’ व ‘शुको’ या संज्ञांचा आधार घेतला. आझुमा हिरोकि यांनी २००१ मध्ये याच्या पुढे जाऊन, नव्या पिढीला विश्वाचीही गरज उरली नसून पात्रांचे सुटे गुणविशेष साठवलेला एक माहितीसंचय पुरेसा आहे, असे प्रतिपादन केले.

ओत्सुका यांची तुलना उद्बोधक असली तरी तीवरून अखंड सातत्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तेइकाच्या काळी जुनी कविता ही सर्वांची ठेव होती आणि नांबोकुच्या काळी ‘चूशिंगुरा’चे विश्व रंगभूमीचे सामाईक धन होते. आधुनिक अॅनिमेतील पात्र मात्र कोणाची तरी नोंदलेली मालमत्ता असते. तंत्र तेच राहिले. त्याखालची मालकी बदलली.

मालकी आणि मूक संमती

जपानच्या १९७० च्या स्वामित्वहक्क कायद्यात अवतरणास परवानगी असली, तरी विडंबनासाठी स्वतंत्र अपवाद नाही. एका छायाचित्रकाराच्या हिमशिखरावरील छायाचित्रात मोटारीचे चाक जोडून केलेल्या विडंबनचित्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च १९८० रोजी, जुन्या कायद्याच्या आधारे, असे विडंबन वैध अवतरणात बसत नाही असा निर्णय दिला. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये व्यापारी विडंबनही न्याय्य वापर ठरू शकतो, असे मान्य केले.

अशा परिस्थितीत लाखोंचा डोजिंशी बाजार टिकला, तो हक्कधारकांच्या मूक संमतीवर. स्वामित्वहक्कभंगाचा फौजदारी खटला हक्कधारकाच्या तक्रारीवाचून चालत नसे आणि प्रकाशक सहसा तक्रार करीत नसत. कारण उद्याचे लेखक याच बाजारातून येत होते. मात्र ही संमती कधीही मागे घेतली जाऊ शकत होती. १९९९ मध्ये ‘पोकेमॉन’वर आधारित कामुक डोजिंशी काढणाऱ्या एका लेखिकेला अटक झाली. ‘डोरेमॉन’चा काल्पनिक शेवट रंगविणारी एक पुस्तिका हजारोंनी खपली, तेव्हा २००७ मध्ये तिच्या कर्त्याला माफी मागून उत्पन्नाचा काही भाग द्यावा लागला. व्यावसायिक निर्मातेही यातून सुटले नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसारित झालेल्या ‘ओसोमात्सु-सान’चा विडंबनांनी गच्च भरलेला पहिला भाग नंतर मागे घेण्यात आला व पुढील तबकड्यांतही त्याचा समावेश झाला नाही.

पॅसिफिक व्यापार कराराच्या अनुषंगाने झालेली कायदेदुरुस्ती ३० डिसेंबर २०१८ पासून अमलात आली. तक्रारीशिवाय खटला चालविण्याची तरतूद तीत आली. परंतु ती मूळ कलाकृतीच्या जशाच्या तशा, नफेखोर व हक्कधारकास गैरवाजवी हानी पोहोचविणाऱ्या प्रतींपुरती मर्यादित ठेवण्यात आली. डोजिंशींचे विश्व यामुळे वाचले. तथापि त्याला हक्काचे अधिष्ठान मिळाले नाही. ते अद्यापही सवलतीवरच उभे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, संदर्भबहुलता हा मौलिकतेच्या ऱ्हासाचा पुरावा नसून परिचित विश्वात नवी कल्पना आणण्याची ती एक जुनी, नियमबद्ध रीत आहे. दुसरा, या रीतीला प्रत्येक काळी कोणाची तरी मुभा लागली. कधी ती काव्यसंकेतांनी दिली, कधी शोगुनशाहीने नाकारली, तर आज ती प्रकाशकाच्या मौनात दडलेली आहे. तिसरा निष्कर्ष स्मृतीविषयीचा आहे. संदर्भ ज्या सामाईक स्मृतीवर जगतो, ती स्मृती अल्पायुषी असते. ‘गेंजि मोनोगातारि’ लिहिले गेल्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी तेइकालाच त्यातील काव्यसंदर्भ उलगडणाऱ्या ‘ओकुइरि’ या टिपा लिहाव्या लागल्या. जाहिराती व मालिकांचे संदर्भ तर याहून कितीतरी लवकर दुर्बोध होतील. ज्या डोजिंशी कायद्याच्या कडेला जगल्या, त्या ग्रंथालयांच्या कपाटांत सहसा पोहोचत नाहीत. मेइजि विद्यापीठाने योनेझावा यांच्या संग्रहातून २००९ मध्ये उघडलेले स्मारक ग्रंथालय या दृष्टीने मोलाचे आहे. वाचकांनी स्वतः लिहिलेल्या या वाङ्मयाचे जतन झाले नाही, तर विसाव्या शतकातील वाचनाचा इतिहास लिहिताना केवळ प्रकाशकांचीच बाजू हाती उरेल.