सापडण्याची भाषा

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचे नाव एक, गावाचे दुसरे. शिवाय रोमन लिपीत गावाच्या नावाचा शेवट कुणी 'वडा' असा करतो, तर कुणी 'ओडा'. टपालाला याची फारशी अडचण होत नाही, कारण पत्र वाटणाऱ्या माणसाला गाव ठाऊक असते. संगणकाला फक्त अक्षरे ठाऊक असतात. नोकरीच्या एका संकेतस्थळावर मराठी एम.ए. झालेल्या एका विद्यार्थिनीने भरलेली माहिती वाचताना हे प्रथम ध्यानात आले. गावाच्या रकान्यात तिने फक्त 'केळापूर' लिहिले होते आणि कौशल्यांच्या रकान्यात 'साहित्याची आवड'. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण या शब्दांनी तिला शोधणारे कुणी असण्याचा संभव फार थोडा होता.

नोकरी हवी असणाऱ्याने आपली नोंद करून ठेवावी आणि नोकरी देणाऱ्याने ती हुडकावी, ही रीत आपल्याकडे संगणकापूर्वीची आहे. दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ साली, सैन्यातून मोकळे होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारने यंत्रणा उभारली. तिच्यातील सेवायोजन कार्यालये १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली आणि १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर, तसेच पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या अधिसूचित खासगी आस्थापनांवर, रिक्त जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन घातले. जागा कळवण्याचे बंधन होते. कार्यालयाने पाठवलेलाच उमेदवार घेण्याचे नव्हते.

त्या काळच्या नोंदीची भाषा कुणाची होती, हे पाहण्यासारखे आहे. उमेदवार जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आपले शिक्षण आणि अनुभव सांगे. कारकून ते कार्डावर उतरवी आणि त्याला एक संकेतांक देई. हे संकेतांक १९५८ साली प्रथम सिद्ध झालेल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणावर आधारलेले असत. माणसाचे व्यवसायात आणि व्यवसायाचे आकड्यात रूपांतर करण्याचे काम कार्यालय करी. उमेदवाराला एकच पथ्य पाळायचे असे, ते म्हणजे ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करणे. ते चुकले की ज्येष्ठता जाई. मागणी आली की नावे बहुधा नोंदणीच्या ज्येष्ठतेने पाठवली जात. त्यामुळे जुने कार्ड ही घरात जपून ठेवण्याची वस्तू होती. वाट पाहण्याला तिथे काही मोल होते.

ही चौकट हळूहळू सैल झाली. केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवणे पुरेसे नाही, वृत्तपत्रांतही जाहिरात द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका निकालात म्हटले. त्याच्या पुढच्याच वर्षी संजीव बिखचंदानी यांनी 'नौकरी डॉट कॉम' सुरू केले. २००३ मध्ये अमेरिकेत 'लिंक्डइन' आले. २०१५ साली केंद्र सरकारनेही 'राष्ट्रीय करिअर सेवा' हे संकेतस्थळ उघडले आणि महाराष्ट्राची नोंदणी पुढे 'महास्वयम'वर आली.

या बदलात दोन गोष्टी उलट्या झाल्या. पहिली क्रमाची. कार्डांच्या कपाटात जुनी नोंद पुढे असे. खासगी संकेतस्थळांवर अलीकडे अद्ययावत केलेली नोंद वर येण्याचा संभव अधिक. तेथे भरती करणारा माणूस ठिकाण, अनुभव, शिक्षण आणि नोंद किती ताजी आहे, अशा चाळण्या लावतो. वर्षभर हात न लावलेली माहिती खोटी ठरत नाही, पण मागे पडते. दुसरी गोष्ट वर्णनाची. कारकून गेला आणि त्याचे काम उमेदवाराकडे आले. आपले नाव कोणत्या शब्दाखाली लावायचे, हे आता त्यालाच ठरवावे लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटू नये. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा पुस्तक कोणत्या विषयाखाली नोंदवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. चुकीच्या विषयाखाली लागलेले पुस्तक ग्रंथालयात असूनही वाचकाच्या हाती येत नाही. आमचे पदवीधर 'भाषेवर प्रभुत्व' असे लिहितात. शोधणारा मात्र 'अनुवादक', 'मुद्रितशोधक', 'उपशीर्षक लेखन' किंवा 'मराठी टंकलेखन, युनिकोड' हे शब्द टाकतो, आणि तेही बहुधा इंग्रजीत. शीर्षकाच्या ओळीत कामाचे नाव लिहावे, पदवीचे नाव पूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही रूपांत द्यावे, गावासोबत तालुका आणि जिल्हाही नोंदवावा. जे करता येत नाही ते मात्र लिहू नये. शब्दाने माणूस सापडतो, पण मुलाखतीला माणूसच बसतो.

आणखी एक रकाना राहतो, भाषांचा. पांढरकवड्याच्या परिसरात कोलामी आणि गोंडी बोलल्या जातात. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने तेलुगूही कानांवर असते. तरीही या रकान्यात मुले 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढेच लिहितात. त्या विद्यार्थिनीनेही तसेच केले होते. घरी काय बोलता, असे विचारल्यावर ती थोडी थांबून म्हणाली, "कोलामी. पण ती काय लिहायची?" कारकुनाने कदाचित ती विचारलीही नसती. आज तो रकाना तिच्या हातात आहे. आरोग्य, शिक्षण वा भाषासर्वेक्षणाच्या कामासाठी कुणी त्या एका शब्दाचा शोध घेतला, तर फार थोडी नावे समोर येतील, आणि त्यांत तिचे असायला हवे. आम्ही तिच्या शेजारी बसून तो शब्द भरला, देवनागरीत आणि रोमनमध्येही.