मुक्ताचा निबंध आणि आमचे शिबिर

वस्तीतल्या मुलींसाठी मी उन्हाळी शिबिर काढायचे ठरवले, तेव्हा शिवणकाम ठेवा असा सल्ला मिळाला. (आपल्याच कार्यकर्त्यांकडून!) आम्ही मुक्ता साळवेपासून सुरुवात केली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग मुलगी. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय अवघे १४. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा रोकडा सवाल. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो दलित स्त्रियांची परिषद भरली. तेव्हा आमच्या मुलींना धीटपणा बाहेरून आणून द्यावा लागतो, हे मला मान्य नाही. तो दडपला गेला आहे. शिबिरात मुली आधी मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचतात, मग स्वतःचा लिहितात.