दोराच्या मूर्ती



आपल्या रत्नागिरीच्या मुलखात दोराचे अप्रूप कोणाला असणार? गुराचे दावे, पोहऱ्याचा दोर, नारळाच्या काथ्याचा सुंभ. नायलॉन येण्यापूर्वी तर जाळीसुद्धा सुताची नि तागाची, हातांनी विणलेली असत. गाठ मारणे हे आपले रोजचे काम. त्याला कला म्हणावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अशाच गाठी मारून ज्यांनी माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या, त्या मृणालिनी मुखर्जी यांची ही हकिगत. रेडिओवर मूर्ती दाखवता येत नाही, हे खरे. पण सुतळीचा तुकडा घरात असेलच. तो हातात घेऊन ऐका.

मृणालिनीबाईंचा जन्म १९४९ सालचा, आपल्या मुंबईतला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार, आई लीला शिल्पकार. मुलगी वाढली डेहराडूनच्या डोंगरात, सुट्ट्यांत शांतिनिकेतनात. रंग नि लाकूड तिला घरातच भेटले. पण १९५७ च्या सुमारास, ती आठेक वर्षांची असताना, वडिलांची दृष्टी गेली. चित्रकाराचे डोळे गेले, म्हणजे काय उरले? ते मात्र थांबले नाहीत. बोटांच्या अंदाजाने रंगीत कागद कापून ते चित्रे जुळवू लागले, मेणाच्या लहान आकृती घडवू लागले. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. डोळ्यांवाचूनही आकार घडवता येतो, हे या मुलीने घरातच पाहिले. पुढे तिने हाताला जाणवेल असेच माध्यम धरले, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

१९६५ साली ती बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकायला गेली. नंतर भित्तिचित्रणासाठी गुरू लाभले के. जी. सुब्रमण्यन. हे बिनोदबिहारींचेच शिष्य, शिवाय मुंबईत हातमाग मंडळात काम केलेले. कुंभार, विणकर आणि चित्रकार यांच्यामध्ये भिंत घालणे त्यांना मान्य नव्हते. तिथेच, १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत, मृणालिनीबाईंच्या हाती दोर आला.

आता काम कसे चाले, ते बघा. माग नाही, आधी कागदावर काढलेला आराखडाही नाही. तागासारख्या वाखाचा दोर रंगवायचा, आधाराला लोखंडी सांगाडा घ्यायचा, आणि गाठीवर गाठ मारीत जायचे. तुमच्या हातातली सुतळी घट्ट गाठींनी भरून पाहा, ती सालीसारखी ताठ होते; सैल ठेवा, ती लोंबते. एवढ्यातूनच त्यांनी घड्या, पाकळ्या, ओठ, पदर काढले. एकेका मूर्तीला महिनोन्‌महिने लागत. ‘नागदेवता’ १९७९ ची, ‘यक्षी’ १९८४ ची, ‘वनश्री’ १९९४ ची. नावे देवादिकांची असली, तरी या पूजेच्या मूर्ती नव्हेत. आपल्या देवराईत शिरल्यावर जुन्या खोडापाशी माणूस नकळत हळू बोलू लागतो ना, तसे काहीसे त्यांच्यासमोर होते.

वडील १९८० साली वारले. मुलीचे दोराचे एकही काम त्यांना डोळ्यांनी पाहता आले नव्हते.

लोकांचे काय? दोराच्या गाठी म्हणजे फुलदाणी टांगायच्या शिंकाळ्याचा प्रकार, फार तर हस्तकला, असे समजण्याचे ते दिवस होते. दगड नि धातू घडवणारा तेवढा शिल्पकार! मृणालिनीबाई स्वतःला शिल्पकारच मानीत. १९७८ साली शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या, त्याही शिल्पकला शिकण्यासाठीच. तिथेच ऑक्सफर्डला १९९४ मध्ये त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. पुढे त्या भाजलेल्या मातीकडे आणि मग काशाकडे वळल्या. पण काशातही पानांच्या शिरा नि घड्याच उमटल्या.

जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले. ते चालू असतानाच, फेब्रुवारीत, पासष्टाव्या वर्षी त्या गेल्या. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या दोराच्या मूर्ती माती नि काशाच्या शिल्पांबरोबर एकाच प्रदर्शनात मांडल्या.