मराठेशाहीतील दप्तरे व त्यांचे जतन

मराठेशाहीच्या कारभारातून निर्माण झालेल्या लेखी कागदपत्रांचे संग्रह. ‘दप्तर’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला असून कागदांचा साठा व तो जेथे ठेवला जातो ती कचेरी, अशा दोन्ही अर्थी तो रूढ झाला. सरकारी दप्तरांखेरीज सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सावकार व देवस्थाने यांचीही दप्तरे असत. मराठ्यांच्या इतिहासाचे हे सर्वांत महत्त्वाचे अव्वल साधन होय. त्यांतील बहुसंख्य कागद मोडी लिपीत असल्यामुळे त्यांच्या जतनाचा प्रश्न कागद टिकविण्यापुरता मर्यादित नसून ती लिपी वाचणारांची परंपरा टिकविण्याशीही निगडित आहे.

स्वरूप : दप्तरांत सनदा, इनामपत्रे, महजर, निवाडे, करीने, कैफियती, ताळेबंद आणि रोजकीर्दी यांचा समावेश होतो. रोजकीर्दीत दररोजचा जमाखर्च व दिलेले हुकूम यांची नोंद असे. हातकागदावर बोरूने काजळीच्या शाईत हा मजकूर लिहीत. ही शाई सहसा फिकी पडत नाही. मात्र पाण्याने ती पसरते. लांब मजकुरासाठी कागद एकाखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी करीत. कागदांची पुडकी चौकोनी फडक्यात बांधीत व त्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. कसर व वाळवी यांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धत होती.

नाश व संरक्षण : शिवकालीन मध्यवर्ती दप्तर आज उपलब्ध नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजधानीतील कागद नष्ट झाले. त्यामुळे शिवकालाच्या अभ्यासात वतनदार घराण्यांच्या कागदांना विशेष मोल आले. कारी येथील जेधे घराण्यात मिळालेली शकावली हे त्याचे ठळक उदाहरण होय. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या निश्चितीस तिच्यातील नोंद निर्णायक ठरली.

घराण्यांनी हे कागद जपले, ते इतिहासासाठी नव्हे. वतन, इनाम किंवा मानपान यांविषयी तंटा उपस्थित झाला, म्हणजे जुना कागद हाच पुरावा होई. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर इंग्रजांनी पुण्याचे दप्तर ताब्यात घेतले, त्यामागेही जमीनमहसूल व इनामे यांच्या चौकशीचाच हेतू होता. पुढे इनाम कमिशनच्या कामासाठी ठिकठिकाणचे आणखी कागद जमा करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सर्व संग्रहासाठी पुण्यात स्वतंत्र दगडी इमारत बांधण्यात आली. ‘पेशवे दप्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात सु. ३५,००० रुमाल आहेत. तेथील कागद सुरक्षित राहिले, परंतु दीर्घकाळ अभ्यासकांना ते मोकळेपणाने पाहता येत नसत.

संशोधकांचे कार्य : ऐतिहासिक कागद छापून ते नाशापासून वाचविण्याचा संघटित प्रयत्न काव्येतिहास-संग्रह या मासिकाने १८७८ पासून सुरू केला. का. ना. साने, ज. बा. मोडक व शं. तु. शाळिग्राम यांचा त्यात पुढाकार होता. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तराच्या आधारे ऐतिहासिक लेखसंग्रह ही माला १८९७ पासून काढली. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे तिचे एकूण २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे पाहत. कित्येक ठिकाणी मालक संशयामुळे कागद दाखवीत नसत, तर कित्येक ठिकाणी ते रद्दी म्हणून वाण्याच्या दुकानी गेलेले असत. व्यक्तीच्या परिश्रमाला संस्थेचा आधार हवा, या जाणिवेतून राजवाडे व सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले.

पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले (१९३०–३४). या खंडांनी मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया विस्तारला. तथापि विषयवार निवड ही मूळ दप्तराची जागा घेऊ शकत नाही. अनेक पत्रांवर तिथी किंवा चंद्र असतो, पण वर्ष नसते. अशा पत्राचा काळ त्याच रुमालातील शेजारच्या कागदांवरून ठरवावा लागतो. मूळ क्रम मोडून पत्र वेगळे काढले, तर कागद शाबूत राहूनही त्याची साक्ष दुबळी होते. म्हणून मूळ क्रमाचे रक्षण हे जतनशास्त्राचे एक मुख्य तत्त्व मानले जाते.

लिपीचा प्रश्न : मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि संक्षेप विपुल असतात. चंद्रतिथीसाठी ‘छ’ हे एकच अक्षर येते. शिवाय शुहूर सन, जुनी मापे व महसुलाची परिभाषा ठाऊक असल्याखेरीज अक्षर लागले तरी अर्थ लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली जात असे. नंतर ते शिक्षण थांबले. त्याच सुमारास इनामे व वतने कायद्याने रद्द झाली. परिणामी घरोघरच्या कागदांचे व्यवहारातील प्रयोजन आणि ते वाचणारी पिढी ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी लोपली. माळ्यावरील दप्तरांची सर्वाधिक उपेक्षा झाली, ती या स्थित्यंतरानंतर होय.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाच्या अखत्यारीत मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे अभिलेखागारे आहेत. गोव्याच्या अभिलेखागारातही मराठ्यांविषयीचे महत्त्वाचे कागद असून पां. स. पिसुर्लेकर यांनी त्यांचा विशेष अभ्यास केला. जीर्ण कागदांना पातळ अस्तर लावणे, कीटकनाशक धुरी देणे, सूक्ष्मपट काढणे या जुन्या उपायांना आता अंकीय प्रतींची जोड मिळाली आहे. २०१४ मध्ये मोडी लिपीचा युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीत समावेश झाला. अंकीय प्रतीमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते. परंतु वाचकाची उणीव तिने भरून निघत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणारांची निकड शासनासही भासली. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालवितात. मात्र अक्षरओळखीपलीकडे जाऊन दप्तराची परिभाषा जाणणारे वाचक तयार होण्यास अनुभवी वाचकाच्या हाताखाली वर्षानुवर्षांचा सराव लागतो. कागदावरील उपचार पुढेही करता येतात. वाचनाची परंपरा एकदा खंडित झाली, तर ती नव्याने उभारणे फार कठीण असते.