नोटीस बोर्डावरचा इतिहास

कोणत्याही कॉलेजात प्रवेश केला की कार्यालयाशेजारी एक काचेचा फलक दिसतो. त्याच्या एका बाजूस परीक्षेचे अर्ज, फीची मुदत, शिष्यवृत्तीची यादी असे विद्यार्थ्यांचे कागद असतात आणि तेथे नेहमी गर्दी असते. दुसऱ्या बाजूस प्राध्यापक व शिक्षकेतर सेवकांसाठी काढलेली परिपत्रके असतात : अमुक पद मंजूर झाले, तमुक यांची बदली झाली, सेवाज्येष्ठतेची यादी प्रसिद्ध झाली आहे, हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात. या बाजूस सहसा कोणी थांबत नाही. पालक तर नाहीच नाही. "ते मास्तरांचे आहे," असे म्हणून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे, कारण कॉलेजे जगली आणि मेली ती बहुधा अशाच कागदांवर, आणि त्याचे एक ठळक उदाहरण आपल्या विश्रांतवाडीच्या शेजारीच उभे आहे.

आधी या परिपत्रकांच्या भाषेकडे पाहा. अर्ज, हजर, रुजू, रजा, मंजूर, शिफारस, तारीख, बदली, बडतर्फ : हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आहेत. बहामनी आणि आदिलशाही-निजामशाहीच्या दफ्तरांतून ते गावच्या कुळकर्ण्यापर्यंत पोहोचले. सतराव्या शतकातील मराठी पत्रांत फारसी शब्दांचे प्रमाण इतके मोठे होते की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून पर्यायी संस्कृत शब्द योजले. तरीही कचेरीतली रजा रजाच राहिली. 'पगार' मात्र पोर्तुगिजांकडून आला. आमच्या काही मुलांना सरकारी मराठी परकी वाटते, त्यांच्यासाठी एवढे सांगितले. त्या मराठीतला अर्धा शब्दसंग्रह त्यांच्या घरचाच आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने पुणे स्टेशनकडे निघाले की सादलबाबा दर्ग्याच्या परिसरात झाडीमागे डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत लागते. या संस्थेचा आरंभ ६ ऑक्टोबर १८२१ रोजी शहरातील विश्रामबागवाड्यात झाला. पेशवाई बुडून तीनच वर्षे झाली होती. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग वळवून इंग्रज सरकारने ही संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८५१ साली तिचे पूना कॉलेज झाले. पुढे जमशेटजी जिजीभाई या पारशी दानशूर घराण्याने एक लाख रुपये दिले, १८६४ साली येरवड्यास नव्या इमारतीची कोनशिला बसली, आणि १८६८ पासून कॉलेज तेथे नांदू लागले. टिळक आणि आगरकर येथलेच विद्यार्थी. देणगीचा हा एक लाखाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याने पुढे मोठे काम केले.

सेवकांच्या नेमणुकीचा हुकूम माणसाचे आयुष्य कसे हलवतो, हे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या चरित्रात दिसते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम ते काही वर्षे हंगामी म्हणून करीत होते. विद्वत्ता सिद्ध झालेली, अध्यापन उत्तम. परंतु १८७३ साली कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ती जागा पीटर पीटरसन या इंग्रज गृहस्थास मिळाली आणि भांडारकरांना दुय्यम जागेवर काम करावे लागले. वरून आलेल्या एका ओळीच्या हुकमाने हे झाले. पुण्याचे डॉ. कीलहॉर्न जर्मनीस परत गेल्यावर १८८२ साली भांडारकर डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले व १८९३ पर्यंत तेथे राहिले. म्हणजे हक्काची खुर्ची मिळावयास सुमारे नऊ वर्षे गेली. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी १८८५ साली असाच भेद पाहिला. हिंदी म्हणून कमी ठरवलेला पगार घेण्याचेच त्यांनी तीन वर्षे नाकारले, आणि शेवटी सरकारला मागील फरकासह पूर्ण पगार द्यावा लागला. भांडारकरांनी काम करीत वाट पाहिली, बोसांनी पगार नाकारून काम केले. दोघांपैकी कोणाचा मार्ग बरोबर, यावर आमच्या शिक्षककक्षात अजून वाद होतो. माझे मत बोसांच्या बाजूचे आहे, पण घरी तीन वर्षे पगार न नेता भागविता येईल असे शिक्षक किती, हाही प्रश्न आहेच.

सरकारी कॉलेजातील हा अनुभव पाहून पुण्यातील तरुणांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झाले. तेथे आजीव सभासदाने वीस वर्षे अल्प वेतनावर काम करावे असा करार असे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तेथे घेतलेले वेतन दरमहा ७५ रुपयांचे होते. या योजनेचे आपल्याकडे फार गुणगान होते, आणि ते योग्यच आहे. पण त्यागावर उभारलेल्या संस्थेतही वेतनाचा आणि बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न सुटला नव्हता. सभासदांनी बाहेरून मिळकत घ्यावी की नाही या वादात टिळकांनी १८९० साली सविस्तर राजीनामा देऊन संस्था सोडली. 'सेवाभाव आहे ना, मग पगाराचे काय विचारता' असे शिक्षकांस म्हणणाऱ्या संस्थाचालकांनी तो राजीनामा अवश्य वाचावा.

आता डेक्कन कॉलेजच्या खऱ्या संकटाकडे वळू. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि मुंबई सरकारनेही काटकसरीचा विळा हाती घेतला. पुण्यात फर्ग्युसन आहे, सर परशुरामभाऊ कॉलेज आहे, मग सरकारने स्वतःच्या खर्चाने आणखी एक कॉलेज कशाला चालवावे, असा तो विचार होता. हिशेबाच्या वहीत तो चुकीचा दिसत नव्हता. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले. शतकाहून अधिक वय असलेली संस्था एका सरकारी निर्णयाने मिटली. वर्ग सुने झाले, वसतिगृह रिकामे पडले. येरवड्याच्या त्या माळावर इमारत तेवढी उभी राहिली.

अशा वेळी लोक साधारणपणे सभा घेतात, ठराव करतात, वर्तमानपत्रांत पत्रे पाठवतात आणि सहा महिन्यांनी विसरतात. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी सभा-ठराव केले असतीलच, पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी जुने कागद काढले. जिजीभाई घराण्याने एक लाख रुपये दिले होते ते कशासाठी? कॉलेजसाठी. मग ही इमारत सरकारची निखळ मालमत्ता नव्हे. ती एका हेतूने सरकारच्या हाती सोपवलेली ठेव आहे, आणि तो हेतू मोडण्याचा सरकारला अधिकार नाही. या मुद्द्यावर ते न्यायालयात गेले. आपल्या समाजात वक्फ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. देणाऱ्याने ज्या कामासाठी दिले त्याच कामासाठी ते राहिले पाहिजे, ही कल्पना आपल्याला बालपणापासून ठाऊक असते. माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे तत्त्वतः हेच होते, फक्त ते इंग्रजी कायद्याच्या भाषेत मांडलेले होते.

पाच वर्षे हे प्रकरण चालले. दरम्यान प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळही आले. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले, ते पदवीचे वर्ग घेणारे कॉलेज म्हणून नव्हे तर पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था म्हणून. जे कॉलेज निरुपयोगी खर्च म्हणून बंद केले गेले तेच पुढे भाषाशास्त्र आणि पुरातत्त्वासाठी जगभर ओळखले जाऊ लागले. माझ्या मते पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात याहून मोठा न्याय झालेला नाही.

नव्या संस्थेच्या पहिल्या वर्षांतील नेमणुकांची नावे वाचावीत अशी आहेत. भाषाशास्त्रास डॉ. सुमित्र मंगेश कत्रे, प्राचीन इतिहासास डॉ. हसमुख सांकलिया, समाजशास्त्रास डॉ. इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासास त्र्यं. शं. शेजवलकर. सुरुवातीच्या काळात संचालकपदी डॉ. तारापोरवाला होते, म्हणजे पारशी. मुस्लिम काळाच्या इतिहासासाठी डॉ. मुहम्मद अब्दुल्ला चगताई होते. ताजमहालावर प्रबंध लिहून पॅरिसची डॉक्टरेट मिळवलेले हे विद्वान. अहमदाबादच्या मशिदी-दर्ग्यांवरील शिलालेखांचा त्यांचा अभ्यास १९४२ साली याच संस्थेच्या पत्रिकेत छापला गेला. फाळणीनंतर त्यांचे पुढील आयुष्य लाहोरास गेले. डॉ. सी. एच. शेख हेही येथलेच, त्यांनी अहमदनगरच्या जुन्या साहित्यिकांविषयी लिहिले. आपली मुले रोज ज्या फाटकावरून बसने जातात त्याच्या आत हे सारे घडले. यापैकी एक बारीक गोष्ट मला आवडते : इरावतीबाई येथे येण्यापूर्वी मुंबईस महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. परिपत्रके काढण्याचे कोरडे काम केलेल्या बाईंनी पुढे किती रसाळ लिहिले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

मुस्लिम समाजाच्या अनुभवातले उदाहरण द्यावयाचे तर जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजचे देता येईल. सर महंमद युसूफ यांनी १९१४ साली आठ लाख रुपये सरकारच्या हाती दिले. कॉलेज उघडले १९३० साली. सोळा वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडून संसाराला लागते. पैसा होता, इच्छा होती. तरी एवढा काळ का गेला, हे त्या सोळा वर्षांच्या पत्रव्यवहारातून कोणीतरी सविस्तर मांडावयास हवे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी इतिहास घेऊन एम.ए. करीत असेल तर विषय तयार आहे.

स्वातंत्र्यानंतर अल्पसंख्याकांच्या संस्थांना घटनेच्या तिसाव्या कलमाने स्वतःच्या पसंतीच्या संस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. या हक्काचा सेवकांशी काय संबंध, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की प्राध्यापकास काढण्यापूर्वी कुलगुरूंची मंजुरी घ्यावी अशी सरसकट अट अल्पसंख्याक कॉलेजवर लादता येत नाही. संस्थाचालकांना हा निकाल पाठ असतो. पण १९८६ सालचा दुसरा निकाल तितका पाठ नसतो. दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या सेवकांनी वेतनासाठी दाद मागितली तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितले की शिक्षकांना इतर शाळांप्रमाणे वेतन व सेवाशर्ती दिल्याने अल्पसंख्याकांच्या हक्कास धक्का लागत नाही. दोन्ही निकाल एकाच फाइलमध्ये ठेवावेत.

महाराष्ट्रात अलीकडे एका तारखेने हजारो घरांत चिंता निर्माण केली. १९ सप्टेंबर १९९१ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकपदासाठी नेट परीक्षेची अट घातली. त्या दिवसापासून ३ एप्रिल २००० पर्यंत नेट-सेट नसताना लागलेल्या प्राध्यापकांची सेवा वर्षानुवर्षे अधांतरी राहिली. २०१३ साली फेब्रुवारी ते मे प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात हा प्रश्नही होता. विद्यार्थ्यांचे निकाल लांबले तेव्हा कोठे पालकांना त्या बाजूच्या परिपत्रकांची आठवण झाली. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित झाल्या, पण त्या कोणत्या तारखेपासून धरावयाच्या यावरून पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याआधी १ नोव्हेंबर २००५ ही दुसरी तारीख येऊन गेली होती. त्या दिवशी व त्यानंतर नेमले गेलेल्यांस जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेला आणि दुसऱ्या दिवशी रुजू झालेला, दोघे एकाच वर्गात एकच धडा शिकवीत असले तरी त्यांच्या म्हातारपणाचा हिशेब वेगळा झाला, आणि दोघांच्याही हाती पुरावा म्हणून आहे तो रुजू झाल्याच्या तारखेचा, शिक्का मारलेला एक कागद.